खेळाडूचं काम वगळून

निनाद,

मागच्या आठवड्यात तुझा व्हिसा रद्द केला. कायद्यानं म्हणशील तर तुझ्या कंपनीच्या शाजीभाईनं केला, मी नुसती बाजूला उभी होते. काउंटरवरच्या मुलीनं "रिलेशन?" असं विचारलं तेव्हा शाजीभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फ्रेंड." तिनं मान खाली घातली, "अल्लाह यरहमो", देव त्याच्यावर दया करो, असं हळू म्हणाली आणि एक बटण दाबलं. इथे माणूस गेला की आधी त्याचा व्हिसा जातो, मग पासपोर्ट, आणि त्यानंतर माणसाला जाऊ देतात. मला हे नवीन नव्हतं. व्हिसाच्या फायली हेच माझं काम. कितीतरी कुटुंबांना मी हा क्रम फोनवर समजावलाय, आणि तू ऐकून म्हणायचास, "मुग्धा, तू हे किराणा सामान सांगितल्यासारखं सांगतेस." या वेळी दुसरं कुणीतरी मला तसंच सांगत होतं आणि मी "येस, येस" करत होते.

तुझा पासपोर्ट कोपरा कापून परत आला. तुझ्या आईला, काकूंना, मी तो दाखवला नाही.

दमलेय रे. रडून माणूस इतका दमत नाही. रांगांनी, सह्यांनी, प्रत्येक खिडकीवर तुझं नाव स्पेलिंगसकट सांगून दमायला होतं. आणि खरं सांगू? हा थकवा आत्ताचा नाहीच. आपण दोघं मिळून जितकी वर्षं कागद गोळा करत होतो, तितक्या वर्षांचा तो आहे. तू कधी दमला नाहीस, म्हणून मला दमता आलं नव्हतं.

शारजात आपण एकाच शाळेत, एकाच बसमध्ये होतो. तुझे बाबा आणि माझे बाबा रोज सकाळी दुबईच्या त्याच जॅममध्ये अडकायला निघायचे, आणि संध्याकाळी त्याच जॅमला शिव्या देत परत यायचे. आपल्याला मात्र वाटायचं की आपण इथलेच. पुण्याला सुट्टीत गेलं की चुलत भावंडं 'दुबईवाले' म्हणायची, ते तुला फार लागायचं. "शारजा," तू दर वेळी सुधारायचास, "दुबई नाही, शारजा." कुणाला काय फरक पडत होता!

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तू मला अल ऐनच्या रस्त्यावर नेलंस. उंटांच्या गोठ्यांच्या मागे, कॉलिन नावाच्या एका म्हाताऱ्या इंग्रज इंजिनिअरनं हौसेनं अंड्याच्या आकाराचा मातीचा ट्रॅक केला होता. तरुणपणी तो इंग्लंडमध्ये स्पीडवे खेळलेला. मला तेव्हा स्पीडवे म्हणजे काय ते माहीत नव्हतं. चार मोटरसायकली, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. टँकरनं पाणी मारलेली माती, आणि त्यात तू मागचं चाक बाहेर फेकून, डावा बूट घासत, गाडी जवळजवळ आडवी करून वळणातून आलास. मी तोंडावर ओढणी धरून उभी होते.

"सरळ का नाही चालवत?" मी विचारलं.

"सरळ गेलो तर भिंतीत जाईन. इथे आडवंच जायचं असतं."

कॉलिन माझ्याकडे वळून म्हणाला की हा मुलगा शिकवलेलं करत नाही, आधीच करून बसतो आणि मग मी त्याला नाव सांगतो. घरी परतताना तू त्याचं ते वाक्य माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलंस. मी लायब्ररीत होते असं आईला सांगितलं होतं. केसांतून माती निघत होती.

त्यानंतरचं सगळं कॉलिनच्या ओळखीमुळे झालं. इंग्लंडमधल्या एका क्लबचा मॅनेजर त्याचा जुना दोस्त होता. सीझन सुरू होण्याआधी सराव बघायला ये म्हणाला. तू व्हिजिटर म्हणून गेलास, ट्रॅकवर चार दिवस गाडी फिरवलीस आणि तिथून मला फोन केलास. आवाजात थंडीनं कापरं भरलं होतं.

"मुग्धा, इथली माती ओली आहे. खरी ओली. टँकरची नाही."

"ते घेतायत का तुला?"

"मॅनेजर म्हणाला जागा आहे. पेपर्स आण, म्हणाला. बस, पेपर्स."

तू इतक्या हलकेपणानं 'बस, पेपर्स' म्हणालास की मला हसू आलं. तेव्हा माझी नोकरी नवी होती, दुबईतल्या एका कन्सल्टन्सीत यूके आणि कॅनडाच्या फायली. त्या संध्याकाळी मी तुझ्यासाठी नियम वाचायला घेतले आणि पहिल्याच वाचनात मला कळलं की हे अवघड आहे. क्लबकडे परदेशी खेळाडू आणायचा परवाना हवा, तो त्यांच्याकडे होता. पण त्यावर खेळाच्या तिथल्या संस्थेनं खेळाडूची शिफारस करायला हवी. आणि ही शिफारस कुणाची? तर जो आपल्या देशात वरच्या दर्जाचा ठरलाय त्याची. राष्ट्रीय स्पर्धेत वरचा नंबर, किंवा देशाच्या संघातून आंतरराष्ट्रीय शर्यती. साधी सरळ अट. अट लिहिणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नसणार. येईल त्याला घेतलं तर त्यांच्या पोरांनी कुठे जायचं?

फक्त तुला देशच दाखवता येत नव्हता.

भारतात मोटरस्पोर्टचं बघणाऱ्या एका गृहस्थांना आपण स्पीकरवर फोन लावला होता, आठवतं? फार भला माणूस. "स्पीडवे मतलब... हाईवे पे रेस?" तू न चिडता सगळं समजावलंस. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "बेटा, यह खेल हमारे यहाँ होता ही नहीं, तो चैंपियन कैसे लिख दूँ?" मग आपण इथल्या मोटरस्पोर्टच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी अरबी गहवा कॉफी पाजली, खजूर दिले, तुझे व्हिडिओ दोनदा पाहिले, खुर्चीतच डावीकडे झुकून पाहिले. संघात फक्त नागरिक घेता येतात, हे सांगताना त्यांनाच वाईट वाटत होतं. "हबीबी," ते म्हणाले, "यू आर फ्रॉम हियर. युअर पासपोर्ट इज नॉट."

जिथे जन्मलास तिथला तू नव्हतास, आणि जिथला होतास तिथे तुझा खेळ नव्हता.

गाडीत मी भडकले होते. शारजाच्या अलीकडे जॅम लागल्यावर तू म्हणालास, "बरोबर आहे त्यांचं."

"काय बरोबर आहे?"

"मोजायला काहीतरी लागतंच ना. माझ्याकडे मोजण्यासारखं काही नाही."

"तुझ्याकडे आहे. मोजणारा नाहीये."

इथून आपलं भांडण सुरू झालं ते कधी संपलंच नाही. गंमत बघ, नियम माझं पोट भरत होते आणि मी त्यांना शिव्या देत होते. तुला त्यांनी दाराबाहेर ठेवलं होतं आणि तू त्यांची बाजू घ्यायचास. ब्रिटननं युरोप सोडल्यावर पोलंड-डेन्मार्कच्या रायडरांनाही व्हिसा लागायला लागला, तर तू खूश. "आता सगळे एका रांगेत." मी म्हटलं, रांग एक असली तरी त्यांच्या हातात त्यांच्या देशाचे निकाल आहेत. तू म्हणालास, "मग त्यांनी ते मिळवलेत, मुग्धा. फुकट नाही मिळाले."

त्यात आणखी एक नियम तू शोधून काढलास आणि मला हसत हसत समजावलास. लीगमध्ये प्रत्येक रायडरची एक सरासरी असते, संघातल्या सगळ्यांच्या सरासरीच्या बेरजेला मर्यादा असते, म्हणजे एकाच क्लबनं सगळे तगडे रायडर घ्यायचे नाहीत. बाहेरून नवा आलेल्याला मात्र ते आधीच एक आकडा लावतात, आणि तो चांगला चढा असतो. "म्हणजे बघ," तू म्हणालास, "एकही रेस न धावता मी कागदावर आत्ताच चांगला रायडर आहे. एवढा चांगला, की परवडत नाही." तू खरंच हसत होतास. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. आजही सापडत नाही.

शारजातल्या रोल्याजवळ तो एजंट भेटला त्याबद्दल मी तुझी एकदाही तारीफ केली नाही, ती आत्ता करते. तो कुठल्याशा छोट्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेचा दाखला आणून देणार होता, शिक्क्यासकट. तू त्याला गंभीरपणे विचारलंस, "कितवा आलो मी?" तो म्हणाला, "भाई, जो बोलो. फर्स्ट लिख दूँ?" तू म्हणालास, "माझ्यामागे कोण आलं ते तरी सांग." एजंट गोंधळला. आपण बाहेर आल्यावर तू म्हणालास, "सुरुवातीची फीत वर जाते तेव्हा चौघं एकदम सुटतात. बाकी तिघं खरे आलेले असतात गं." मी कराक चहा मागवला आणि विषय बदलला.

आणि मग ते वर्ष आलं, ज्याबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही.

मला मँचेस्टरहून नोकरीची ऑफर आली होती, स्किल्ड वर्करच्या व्हिसावर. तुला सांगायला मी अल ऐनला आले, तुझ्या सर्व्हिस सेंटरजवळच्या कॅफेटेरियात. तू वर्कशॉपमधून थेट आलास, हाताला ग्रीस होतं, कागदी नॅपकिननं पुसत बसला होतास. मी सांगितलं. तू अभिनंदन केलंस. मग नॅपकिनकडे बघत म्हणालास, "डिपेंडंटला तिथे काम करता येतं का?"

मला कळायला क्षणभर लागला.

"तू मला मागणी घालतोयस का?"

"मी एक टेक्निकल प्रश्न विचारतोय."

"उत्तर टेक्निकल हवंय का?"

"आधी टेक्निकल दे."

मी तिथेच फोनवर उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. जोडीदाराला राहता येईल. शिकता येईल. कोणतंही काम करता येईल. तुझा चेहरा उजळत गेला, आणि मी पुढचा तुकडा वाचला. व्यावसायिक खेळाडूचं आणि प्रशिक्षकाचं काम वगळून.

तू म्हणालास, "काय?"

मी पुन्हा वाचलं.

निनाद, आपण किती हसलो! कॅफेटेरियाचा माणूस बघायला आला. तिथे जाऊन तू टॅक्सी चालवू शकला असतास, बँकेत बसू शकला असतास, भाजी विकू शकला असतास. जगातली सगळी कामं खुली होती आणि त्यांनी नेमकं तुझं बाजूला काढून ठेवलं होतं. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, माझ्याही. मग हसू ओसरलं आणि तू डोळे पुसत विचारलंस, "मग? कॅन्सल?"

मी म्हटलं, "खलास."

तू मान हलवलीस. आपण बिर्याणी मागवली.

मी मँचेस्टरला गेले नाही. त्याच महिन्यात आईचं ऑपरेशन निघालं, हे सगळ्यांना सांगितलेलं कारण, आणि ते खरंही आहे. दुसरं कारण तुला माहीत होतं असं मला वाटतं. तुला नॉनटेक्निकल उत्तर हवं होतं का? मी ते देणार होते का? हसून हसून आपण दोघंही त्याच्या पलीकडे निघून गेलो, आणि परत वळायला कुणी धजलं नाही. तू लग्न केलं नाहीस, मीही केलं नाही. लोक विचारायचे, आपण इतके सराईत झालो होतो की उत्तरंसुद्धा सारखीच द्यायचो. मला पश्चात्ताप होतोय असं नाही. तुझ्यासारखा मित्र पदरात असताना आणखी काही मागायचं मला सुचलं नाही, इतकंच. पण आत्ता त्या मुलीनं "रिलेशन?" विचारलं आणि 'फ्रेंड' हा शब्द तोंडातून निघताना मला फार लहान वाटला.

कॉलिन इंग्लंडला परतला तेव्हा ट्रॅक तुझ्या हवाली करून गेला. दिवसभर सर्व्हिस सेंटर आणि शनिवार-रविवार पोरं. रिया त्यांतलीच. अल ऐनच्या डॉक्टर नवरा-बायकोची मुलगी, मूळची केरळची, पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचा. तिच्यात तुला काय दिसलं ते मला कळत नव्हतं. मला सगळे हेल्मेटमध्ये सारखेच दिसतात. तू तिला दर हिवाळ्याच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धांना पाठवलंस, निकाल जमवलेस, आणि वेळ आली तेव्हा तिची फाइल माझ्या टेबलावर आणून ठेवलीस. सगळं लावलेलं, खुणा केलेलं. माझ्या आठवणीतली ती एकमेव फाइल, जिच्यात मला काही दुरुस्त करावं लागलं नाही.

शिफारस आली. इंग्लंडमधल्या क्लबनं तिला घेतलं. तिच्या पहिल्या मीटला, पहिल्या शर्यतींना, तू काकूंच्या टीव्हीवर स्ट्रीम लावलंस, मलाही बोलावलंस. रिया तिसरी आली आणि तू सोफ्यावरून उठून डावीकडे झुकलास. मी तुझ्याकडे बघत होते, टीव्हीकडे नाही.

"तुला काहीच वाटत नाही?" मी स्वयंपाकघरात विचारलं. "पासपोर्टचा फरक आहे फक्त. तिला येतं ते सगळं तुझंच आहे."

"वाटतं ना."

"काय?"

"तिनं दुसऱ्या वळणाला थ्रॉटल लवकर सोडला. सांगायला हवं."

मी चिडून पोळी लाटत राहिले. काकूंनी तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तू टाळत होतास, की खरंच तुला तेवढंच वाटत होतं? हे विचारायचं राहिलं. मला उत्तर हवंय, निनाद. तुझ्या शहाणपणानं मी फार दमले होते. एकदा तरी तू 'अन्याय झाला माझ्यावर' असं म्हणायला हवं होतंस. म्हणजे मला गप्प बसता आलं असतं.

त्या शनिवारी ट्रॅकवर तुझं डोकं दुखलं. पोरं सांगतात, तू सावलीत बसलास, "दोन मिनिटं, यल्ला, तुम्ही चालू ठेवा" म्हणालास आणि मग बोललाच नाहीस. मेंदूतली रक्तवाहिनी. शारजाहून अल ऐनपर्यंतचा रस्ता मी कसा गाठला ते मला आठवत नाही. हॉस्पिटलात पोरं बूट काढून कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसली होती, मोज्यांवर. डॉक्टर म्हणाले, तरुण आहे, वाट बघू. आपण वाट बघितली. वाट बघण्यात तर आपण तरबेज होतो.

अग्नी इथेच दिला, अल ऐनला. काकूंनीच ठरवलं. पुण्याचे नातेवाईक फोनवर 'आणा, आणा' करत होते. काकू म्हणाल्या, "त्याला तिकडचं काय माहीत आहे? इथेच राहू दे." रिया इंग्लंडहून आली, मीट सोडून. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "ही नेव्हर टोल्ड मी, आंटी. दॅट ही कुडन्ट गो. आय थॉट ही डिडन्ट वॉन्ट टू." तू तिला सांगितलंच नव्हतंस. मी तिला सगळं सांगितलं, त्या कॅफेटेरियासकट. ती ऐकत राहिली, मग हसली, आणि हसता हसता रडली. रागावू नकोस. कुणीतरी हे माहीत असलेलं हवं होतं, आणि मी एकटी पुरी पडत नव्हते.

मग माझ्या लक्षात आलं ते तुझ्याही आलं असतं. काकू तुझ्या स्पॉन्सरशिपवर होत्या. तुझा व्हिसा गेला, त्याच बटणानं त्यांचाही गेला. तुझे बाबा इथेच गेले, काकूंनी शाळेत आयुष्यभर इथल्या मुलांना गणित शिकवलं, आणि आता देश सोडायला थोडी मुदत मिळते तेवढीच. मी कामाला लागले. सवयच ती. निवृत्तांचा व्हिसा त्यांच्या हिशेबात बसेना. मी स्पॉन्सर करू शकत नाही, मी त्यांची कुणी लागत नाही. सून असते तर विचारता आलं असतं. खास परिस्थितीचा अर्ज करता येतो, तो मी लिहून त्यांच्या घरी नेला.

काकू डब्यातले डाळ-तांदूळ शेजारणीला देण्यासाठी पिशव्यांत भरत होत्या. अर्ज त्यांनी हातातही घेतला नाही.

"नको गं मुग्धा. अजून किती अर्ज करायचे आपण? त्यानं केले तेवढे पुरे."

"मिळेल, काकू. मिळू शकतो."

"मिळेलही. पण मग दर वेळी संपेल आणि पुन्हा करावा लागेल ना? मला आता कुणाला विचारून राहायचं नाहीये."

मी वाद घातला नाही. तुझ्याशी घातला असता. मी पिशव्या धरल्या, त्या भरत गेल्या.

त्या पुण्याला गेल्या, धाकट्या बहिणीकडे. मी विमानतळावर सोडायला गेले होते. आज सकाळचीच गोष्ट. चेक-इन झालं, पुढच्या दारापाशी त्या थांबल्या. बोर्डिंग पास नीट घडी करून पर्समध्ये ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मग माझा हात धरला आणि अगदी काळजीनं विचारलं, "दिवाळीला येशील ना? तुला तिकडे यायला काही लागत नाही ना गं?"

इतक्या वर्षांची व्हिसाची सवय. त्यांना खरंच वाटत होतं की विचारून घ्यायला हवं.

"नाही, काकू," मी म्हटलं. "तिकडे यायला मला काहीच लागत नाही."

"मग ये," त्या म्हणाल्या. "घरी ये."

दार उघडलं आणि त्या आत गेल्या. मी काचेपलीकडे बघत होते. पहिल्या काउंटरवर त्यांनी पासपोर्ट पुढे केला. शिक्का बसेपर्यंत त्या ताठ उभ्या होत्या. मग त्यांनी पदर सावरला आणि मागे न बघता चालायला लागल्या.